टोरांटोची शाळा धाराशिवात वाचताना

पेट झाली, मुलाखत झाली, आता सिनॉप्सिस. त्यात एक रकाना हमखास असतो, 'सैद्धांतिक चौकट'. बरेच जण इथे एखादं मोठं नाव शोधतात, त्याच्या दोन-तीन संज्ञा मराठीत आणून ठेवतात आणि पुढच्या रकान्याकडे वळतात. मग समितीसमोर कुणीतरी शांतपणे विचारतं, "ही चौकट तुमच्या क्षेत्राला लागू पडते, हे कशावरून?" आणि गाडी तिथेच अडते.

या प्रश्नाचं उत्तर कसं तयार करायचं, ते आज एका पुस्तकाच्या आधारे पाहू. समजा तुमचा विषय आहे 'कॅथलिक प्राथमिक शाळेतलं समूहजीवन आणि प्रायश्चित्तकाळ', आणि क्षेत्र आहे धाराशिव जिल्हा. प्रायश्चित्तकाळ म्हणजे राखेच्या बुधवारी सुरू होऊन ईस्टरपर्यंत चालणारा, रविवार वगळून चाळीस दिवसांचा काळ. त्याला उपवासकाळही म्हणतात, आणि शाळेच्या आवारात सरळ 'लेंट'. असा विषय घेतला की गाइड ज्या पुस्तकाचं नाव घेण्याची दाट शक्यता आहे ते म्हणजे पीटर मॅकलॅरन यांचं 'स्कूलिंग ॲज अ रिच्युअल परफॉर्मन्स', १९८६ साली आलेलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पुस्तक वाचायलाच हवं, पण त्याची चौकट उचलून धाराशिवात जशीच्या तशी ठेवता येणार नाही. कॅथलिक शाळेत बसलेली मुलं कॅथलिक आहेत, हे त्या पुस्तकात गृहीत आहे. आपल्याकडे हे गृहीतक पहिल्याच दिवशी, हजेरीपट उघडला की मोडतं. आणि ते मोडलं की 'समुदाय', 'विधी' आणि 'प्रतिकार' हे तिन्ही शब्द नव्यानं तपासावे लागतात.

पुस्तक काय म्हणतं

आधी प्रामाणिक सारांश. टीका करायची तर समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता यायला हवं.

मॅकलॅरन हे आधी शाळेत शिक्षक होते. टोरांटोतल्या एका कॅथलिक शाळेत त्यांनी सहभागी निरीक्षण केलं. शाळेला त्यांनी टोपणनाव दिलं आहे. मुलं वरच्या वर्गांतली, बहुतेक पोर्तुगीज कुटुंबांतली, त्यातही अझोर्स बेटांवरून आलेल्या कष्टकऱ्यांची. लेखकाचा मूळ दावा असा की शिकवणं ही नुसती माहितीची देवाणघेवाण नसते, तो एक विधी असतो. घंटा, ओळ, बसण्याची पद्धत, हात वर करणं, प्रार्थना, शिक्षकाचा आवाज या सगळ्यांतून मुलाच्या शरीरावर एक व्यवस्था कोरली जाते.

त्यांनी मुलांच्या वागण्याच्या अवस्था वेगळ्या केल्या. एक रस्त्याच्या कोपऱ्यावरची, म्हणजे मोकळी, अंगानं बोलणारी. दुसरी विद्यार्थी म्हणून वर्गातली. तिसरी घरची. चौथी पावित्र्याची, म्हणजे प्रार्थना किंवा मिस्सा चालू असतानाची. मुलं दिवसभर एका अवस्थेतून दुसरीत जात-येत असतात आणि शाळेची बरीच शक्ती त्यांना पहिल्या अवस्थेतून दुसरीत ओढण्यात खर्च होते. शाळा एकाच वेळी दोन माणसं घडवते, चांगला कॅथलिक आणि चांगला कामगार. कंटाळवाण्या अभ्यासाचा त्रास सोसणं हेच सद्गुण ठरतं, कारण सोसण्याला धर्मात आधीच मान आहे. मुलांची मस्करी, नक्कल, हसू या सगळ्याला मॅकलॅरन प्रतिकाराचा विधी म्हणतात. यामागे व्हिक्टर टर्नर यांचा विचार आहे. उंबरठ्यावरच्या अवस्थेत दर्जाचे भेद गळून पडतात आणि माणसं एकमेकांना माणूस म्हणून भेटतात. त्या अनुभवाला टर्नर 'कम्युनिटास' म्हणतात.

घेण्यासारखं काय

दोन गोष्टी. पहिली, बघण्याची पद्धत. आपल्याकडे शाळेवरचे प्रबंध बहुतेक प्रश्नावलीवर उभे असतात, 'तुम्हाला शाळेतील वातावरण आवडते का? होय / नाही'. मॅकलॅरन आपल्याला हातांकडे, पायांकडे, खांद्यांकडे बघायला शिकवतात. मराठी शाळेतला परिपाठच घ्या. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, बोधकथा. वीस मिनिटांत मूल किती वेळा सावधान होतं, कधी हात जोडतं, कधी नुसतं ओठ हलवतं? हे टिपायला लागलात की शाळा वेगळीच दिसू लागते.

दुसरी गोष्ट, धर्म आणि श्रम यांची सांगड. शाळेतला धर्म फक्त धर्मशिक्षणाच्या तासाला असतो असं मानणारे संशोधक निम्मं चित्र गमावतात. तो शिस्तीत असतो, गप्प बसण्यात असतो, 'सोसलं पाहिजे' या वाक्यात असतो. हे ऋण मान्य करूनच पुढे जाऊ.

पहिली अडचण : बांधील कोण?

मॅकलॅरन यांच्या पुस्तकाचा मुख्य विषय लेंट नाही. पण त्यांच्या चौकटीतून लेंट बघायला गेलं की मनात चित्र येतं ते असं, चर्च नियम घालतं, शाळा तो राबवते, मूल तो सोसतं. इथे चर्चचा कायदा उघडून बघा. १९८३ च्या कॅनन कायद्यातलं १२५२ वं कलम सांगतं की मांसवर्ज्याचा नियम चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांना लागू होतो, आणि उपवासाचा नियम सज्ञान झाल्यापासून साठावं वर्ष सुरू होईपर्यंत. त्याच कलमात पुढे म्हटलंय की लहान वयामुळे जे बांधील नाहीत, त्यांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवण्याकडे धर्मगुरूंनी आणि पालकांनी लक्ष द्यावं.

याचा अर्थ असा की पहिली ते चौथीच्या वर्गात, कॅथलिक असो वा नसो, लेंटचा नियम पाळायला बांधील असलेलं एकही मूल नाही. प्राथमिक शाळेतला प्रायश्चित्तकाळ हे नियमपालन नसून शिकवणी आहे, सराव आहे. चॉकलेट सोडणं, डब्यात नाणी टाकणं, एक चांगलं काम रोज करून तक्त्यावर खूण करणं हे सगळं शिक्षकांनी आणि घरच्यांनी रचलेलं असतं. मग संशोधनाचा प्रश्न बदलतो. 'मुलं लेंट किती पाळतात?' हा प्रश्नच चुकीचा ठरतो. 'बंधन नसताना पाळणं कसं शिकवलं जातं, आणि कोणाला?' हा खरा प्रश्न. मॅकलॅरन यांची मुलं बारा-तेराच्या पुढची, कॅनन कायद्याच्या उंबरठ्यावरची होती. आपली सहा ते दहा वर्षांची आहेत. ही वयातली तफावत तळटीपेत टाकण्यासारखी नाही.

दुसरी अडचण : 'आपली' शाळा म्हणजे कोणाची?

कॅथलिक शाळेतल्या समूहजीवनाबद्दल अमेरिकेत दोन गाजलेले अभ्यास आहेत. कोलमन आणि हॉफर यांनी १९८७ मध्ये मांडलं की कॅथलिक शाळा यशस्वी होतात कारण त्यांच्या मागे एक जिवंत समुदाय असतो. पालक एकमेकांना चर्चमधून ओळखतात, एकमेकांच्या मुलांवर लक्ष ठेवतात. ब्राइक, ली आणि हॉलंड यांनी १९९३ मध्ये शाळेच्या अंतर्गत सामूहिक रचनेवर भर दिला. दोन्ही अभ्यास माध्यमिक शाळांचे आहेत, हे लक्षात असू द्या.

महाराष्ट्रात हे वर्णन सगळ्यात जवळून कुठे बसतं? वसईत. तिथल्या कॅथलिक गावांत धर्मग्राम, चर्च आणि मराठी शाळा यांचं नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. वर्गातला सोबती रविवारी मिस्सेलाही भेटतो आणि शेताच्या बांधावरही. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतून आले. लेंटच्या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला शाळेतलं मूल जातं तेव्हा ते घरच्यांबरोबरच जातं. तिथे शाळेचा समुदाय आणि श्रद्धेचा समुदाय बऱ्याच अंशी एकच असतो.

आता धाराशिवला या. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या होती १६,५७,५७६. साऱ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती १०,८०,०७३, म्हणजे ०.९६ टक्के, आणि त्यांतले बहुतेक मुंबई, ठाणे, वसई, पुणे या पट्ट्यात. धाराशिवात हे प्रमाण त्याहून खूपच कमी. मराठवाड्यातले कॅथलिक औरंगाबाद धर्मप्रांतात येतात आणि तो धर्मप्रांतच १९७७ साली झाला. इथली कॅथलिक शाळा कॅथलिक लोकवस्तीमुळे भरत नाही. ती भरते शिस्त, इंग्रजी आणि 'सिस्टर लक्ष देतात' या ख्यातीमुळे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या ख्रिस्ती संस्थांच्या शाळांतले सुमारे ७४ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजांतले नाहीत.

हा आकडा वापरताना जपा. आयोगानं तो अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून मिळालेल्या सवलतीवर प्रश्न उभा करण्यासाठी मांडला होता. तुम्ही तोच आकडा वेगळ्या प्रश्नासाठी घेऊ शकता. वर्गातली तीन-चतुर्थांश मुलं ज्या धर्माची नाहीत, त्या धर्माचा चाळीस दिवसांचा काळ शाळेत नेमका कसा उतरतो? आकडा तोच राहतो, पण तो कोणी कोणत्या हेतूनं मांडला हे लिहिल्याशिवाय वापरू नका.

इथे कायदाही येतो. संविधानाचं कलम ३० अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. कलम २८ (३) म्हणतं की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्या कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येणार नाही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनंही एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, परिपाठात रोज उद्देशिका वाचावी, सर्व धर्मांसाठी प्रार्थनेची जागा ठेवावी, अशा त्या सूचना.

म्हणून इथल्या शाळांत एक दृश्य वारंवार दिसतं. धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुलं एका खोलीत जातात, बाकीची मूल्यशिक्षणाला बसतात. मॅकलॅरन पहिल्या खोलीत जाऊन सांगतील, इथे कॅथलिक घडतोय. दुसऱ्या खोलीत काय घडतंय, याला त्यांच्या पुस्तकात शब्द नाही. माझ्या मते तुमचा प्रबंध त्या दुसऱ्या खोलीत आहे. तिथलं मूल राख लावत नाही, पण लेंटच्या डब्यात नाणं टाकतं. ते कशाचं सदस्य आहे?

तिसरी अडचण : एकत्र म्हणजे समान नव्हे

टर्नर यांचा 'कम्युनिटास' हा शब्द सिनॉप्सिसमध्ये फार सुंदर दिसतो. शाळा एकत्र प्रार्थना करते, एकत्र गोळा करते, एकत्र वृद्धाश्रमाला जाते, झालं कम्युनिटास! इतकं स्वस्त नाही ते.

याचं उत्तर मराठीत केव्हाच येऊन गेलंय. इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या आणि त्यावर त्यांनी लिहिलं. तो लेख १९६२ मध्ये इंग्रजीतही आला. वाटेवरचा आनंद, नामाची लय, अनोळखी माणसांचा जिव्हाळा हे सगळं त्यांनी मनापासून टिपलं. आणि त्याच वारीत जेवणाच्या पंगती जातीनुसार वेगळ्या होत्या, हेही टिपलं. त्याची सल त्या लेखात आहे. पुढे टर्नर यांनी यात्रांवर लिहिताना कर्व्यांचा आधार घेतला. म्हणजे ज्या सिद्धांताच्या जोरावर मॅकलॅरन टोरांटोची शाळा वाचतात, त्याला मर्यादा घालणारं निरीक्षण एका मराठी बाईंनी वाटेवर चालताना केलेलं होतं. सिनॉप्सिसमध्ये फक्त टर्नर लिहून कर्वे गाळणं हा नुसता आळस नाही, त्यानं चौकटच लंगडी होते.

शाळेत याचा उपयोग कसा? पंगत बघा. मधल्या सुट्टीत डबे कोण कोणासोबत उघडतं? लेंटमध्ये 'एक वेळचा खाऊ सोडून पैसे द्या' असं सांगितलं तर ते पैसे कोणाच्या घरून सहज येतात आणि कोणाच्या घरून येत नाहीत? कॅरिटास इंडिया दर वर्षी प्रायश्चित्तकाळात भूक आणि रोगाविरुद्ध मोहीम चालवते. अशा मोहिमेत देणारे आणि ज्यांच्यासाठी दिलं जातं ते, दोघं एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेले असू शकतात. ही गोष्ट टोरांटोपेक्षा इथे फार टोकदार आहे.

चौथी अडचण : जे दिसत नाही ते

मॅकलॅरन यांची सगळी भिस्त दिसणाऱ्या हावभावांवर आहे. पण राखेच्या बुधवारी मिस्सेत जे शुभवर्तमान वाचतात, मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं, त्याचा आशय नेमका उलटा आहे. दान करा पण डांगोरा पिटू नका, उपवास करा पण चेहऱ्यावर दिसू देऊ नका. लेंटच्या गाभ्यातच लपवण्याची सूचना आहे.

आणि शाळा काय करते? भिंतीवर तक्ता लावते. सत्कृत्याला चांदणी, जास्त चांदण्या त्याला टाळ्या. शाळेला दोष देण्यासाठी मी हे म्हणत नाही. सात वर्षांच्या मुलाला न दिसणारी गोष्ट शिकवायची तर काहीतरी दाखवावंच लागतं. पण हा ताण, म्हणजे शुभवर्तमान लपवायला सांगतं आणि वर्ग दाखवायला लावतो, हाच प्राथमिक शाळेतल्या लेंटचा सर्वांत रसाळ भाग आहे. मॅकलॅरन यांची पद्धत तक्ता टिपेल. तक्त्यावर न आलेलं, कोणाला न सांगता दिलेलं अर्धं पेरू तिच्या जाळीतून निसटेल.

हीच गोष्ट प्रतिकाराची. प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणारं मूल टोरांटोत प्रतिकार करत असेलही. इथे ते कदाचित घरच्या वळणाप्रमाणे वागतंय, कदाचित त्याला तशी मोकळीक दिलेली आहे, कदाचित सकाळच्या शाळेत त्याला झोप येतेय. संमतीचा प्रश्न जिथे आहे तिथे 'प्रतिकार' हा शब्द शेवटी वापरायचा असतो, सुरुवातीला नाही.

शब्दाचं वजन

आणखी एक गोष्ट कुठल्याच इंग्रजी पुस्तकात मिळणार नाही, कारण ती आपल्या भाषेत आहे. 'प्रायश्चित्त' हा शब्द कॅथलिक मराठीत अंतःकरण पालटण्याशी जोडलेला आहे. पण बाकीच्या मराठी मनात त्याचा इतिहास वेगळा आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा प्रसंग घडला, त्यावरून ग्रामण्य झालं आणि पुढे न्यायमूर्ती रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. म्हणजे एके काळी मराठीत ख्रिस्ती मिशनमध्ये चहा प्यायल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावं लागत होतं! त्या शब्दाला बहिष्काराचा वास आहे. मुलाखतीत पालकांना "तुमचं मूल प्रायश्चित्तकाळ पाळतं का?" असं विचारलंत, तर त्यांना नेमकं काय ऐकू येईल याचा विचार करा.

'उपास'चंही तसंच. तुळजापूरच्या जिल्ह्यात नवरात्राचे उपास धरणारी घरं गल्लोगल्ली आहेत. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे मुलांनाही पाठ असतं. इथल्या मुलाला उपास म्हणजे साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी. त्याच्या शेजारच्या मुलाला रोजा म्हणजे पहाटेची सहेरी आणि संध्याकाळचा खजूर. २०२५ मध्ये रमजान २ मार्चला सुरू झाला आणि राखेचा बुधवार ५ मार्चला आला. त्या महिन्यात एकाच वर्गात तीन प्रकारचे उपास शेजारी शेजारी बसलेले असू शकत होते. कॅथलिक लेंटचा अभ्यास करायला गेलेल्यानं फक्त कॅथलिक मुलांनाच प्रश्न विचारले, तर वर्गातली खरी देवाणघेवाण त्याच्या वहीत येणारच नाही.

आणि मराठीत 'उपास', 'उपाशी' आणि 'उपासमार' हे तीन शब्द एकाच मुळाचे. उपास धरला जातो, उपाशी राहावं लागतं आणि उपासमार होते. निवड पहिल्या शब्दात आहे, दुसऱ्यात कमी होते, तिसऱ्यात उरतच नाही. धाराशिवात लेंटवर लिहिणाऱ्यानं हे तीन शब्द टेबलासमोर चिकटवून ठेवावेत.

धाराशिवचं वेळापत्रक

लेंट येतो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. या महिन्यांत इथे काय चालू असतं? दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं अजून परतत असतात. त्यांची काही मुलं कारखान्याच्या फडावर, काही आजी-आजोबांकडे, काही हंगामी वसतिगृहात. विहिरी तळाला गेलेल्या असतात. उन्हामुळे शाळा सकाळची होते, वार्षिक परीक्षा तोंडावर असते. चर्चचं पंचांग आणि दुष्काळी पट्ट्याचं पंचांग एकमेकांवर चढतात. त्यागाचे चाळीस दिवस नेमके टंचाईच्या दिवसांत येतात. तुम्ही लेंटचं निरीक्षण करताय असं समजून कदाचित उन्हाळ्याचंच निरीक्षण करत असाल. मूल सुस्त आहे ते ध्यानामुळे की उन्हामुळे, गैरहजर आहे ते अनास्थेमुळे की फडामुळे, हे वेगळं केल्याशिवाय एकही निष्कर्ष उभा राहत नाही.

याला एक व्यावहारिक जोड. शाळा अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित, हे पहिल्याच पानावर लिहा. अनुदानित असेल तर पहिली ते आठवीला शासनाचा शालेय पोषण आहार मिळतो, आणि एकत्र जेवणाची रोजची पंगत तुम्हाला आयती बघायला मिळते. स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळेत फी भरणारे पालक आणि घरून आलेले डबे असतात. दोन्ही 'कॅथलिक शाळा'च, पण दोन्हीकडचं समूहजीवन वेगळं.

पणाला काय लागलंय

हे सगळं काटेकोरपणे का करायचं? तोंडी परीक्षेसाठी, हे उत्तर अपुरं आहे.

जानेवारी २०२० मध्ये याच शहरात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. नगरीला नाव होतं तेरच्या गोरोबाकाकांचं आणि अध्यक्ष होते फादर दिब्रिटो. त्यांच्या निवडीला धर्माच्या मुद्द्यावरून काहींनी विरोध केला. तरी संमेलन झालं, आणि ख्रिस्ती धर्मगुरू मराठी साहित्याच्या अध्यक्षस्थानी बसले. शहर एकच, पण संशय आणि स्वागत दोन्ही तिथे होते. इथली छोटी कॅथलिक शाळा रोज याच दोन्हींच्या मध्ये उभी असते.

अशा ठिकाणी तुमच्या प्रबंधातलं एक सैल वाक्य, उदाहरणार्थ 'शाळा विधींच्या माध्यमातून कॅथलिक घडवते', तुमच्या हातातून सुटलं की तुमचं राहत नाही. टोरांटोत ते वाक्य वर्गसंघर्षाचं विश्लेषण होतं. इथे ते आरोपपत्राचा पुरावा म्हणून वाचलं जाऊ शकतं. आणि उलटही होतं. 'शाळेत सर्वधर्मसमभाव नांदतो' असं गोड वाक्य लिहिलंत, तर धर्मशिक्षणाच्या तासाला दुसऱ्या खोलीत बसलेल्या मुलाला खरोखर निवड होती का, हा प्रश्न तुम्ही गाडून टाकता. पहिलं वाक्य शाळेवर अन्याय करतं, दुसरं मुलावर. दोन्ही टाळायचे तर रोज दिसलेलं रोज लिहावं लागतं आणि चौकट त्या नोंदींना मापून कापावी लागते.

सिनॉप्सिसमध्ये कसं उतरवायचं

मॅकलॅरन ठेवा, पण बघण्याची पद्धत म्हणून, निष्कर्ष म्हणून नाही. त्यांच्या शेजारी कर्वे ठेवा. 'समुदाय' हा शब्द उद्दिष्टांत एकटा लिहू नका, तो कशानं बांधलेला आहे ते सोबत लिहा. श्रद्धेनं, फीनं, रिक्षाच्या एकाच फेरीनं की पंगतीनं? 'लेंटचे विद्यार्थ्यांवरील परिणाम अभ्यासणे' असं उद्दिष्ट खोडून 'बंधनकारक नसलेला धार्मिक काळ बहुधर्मी वर्गात कसा शिकवला, वाटला आणि टाळला जातो हे पाहणे' असं लिहा. संमतीसाठी पालकांची सही घ्याच, पण मुलालाही विचारा, आणि 'नको' म्हणणाऱ्याला पुन्हा विचारू नका. निरीक्षण राखेच्या बुधवारच्या किमान महिनाभर आधी सुरू करा आणि ईस्टरनंतर शाळा संपेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे लेंटमुळे काय बदललं आणि ऊन वाढल्यामुळे काय, हे वेगळं करता येईल.

समितीनं "ही चौकट लागू होते कशावरून?" असं विचारलं, तर आता उत्तर असं द्या : "सर, जशीच्या तशी होत नाही. कुठे होत नाही, ते चार ठिकाणी दाखवलंय. माझा विषय तिथूनच सुरू होतो."